मंगळवारचं गढूळ पाणी

मी एक जुनी, जाड काचेची बाटली आहे. मित्रांनो, तोंडाचा टवका उडालाय म्हणून हसू नका. टिळकवाडीतल्या एका प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. खानापूरच्या रानातल्या ओढ्याचं पाणी पोटात घेऊन मी तिकडं जायची. "असली बाटली आता मिळत न्हाय," असं तिथले साहेब कौतुकानं म्हणायचे.

पाण्याला मी आतून ओळखते. उन्हाळ्यात ते डोंगराच्या पोटातून सावकाश झिरपतं, खडकातले क्षार उचलतं आणि निवळशंख होऊन येतं. मुसळधार पावसात मात्र त्याला खोल मुरायला सवड नसते. वरच्या तांबड्या मातीतून, कुजलेल्या पाल्यातून ते धावत सुटतं आणि आंबट होतं. त्यात आमच्या ओढ्याच्या वर बंद पडलेल्या खाणीचा ढिगारा आहे. एरवी पाणी त्याच्या खालून जातं, पुरात थेट त्याच्यातून, आणि आंबट पाण्यात तिथले विषारी धातू विरघळतात. मला भीती वाटते ती त्याचीच.

यंदा याच ओढ्यावरून गावात नळ आणायचं ठरलं. प्रयोगशाळेचे नागेंद्र दर गुरुवारी, पाणी निवळलं की, नमुना भरायचे. ओढ्याकाठच्या जयाबाईंना ते पटेना. त्यांची सून रचना सात महिन्यांची पोटुशी होती.

"सर, लई पाऊस पडतोय तवा बी एकदा भरा की."

"मग तुम्हीच भरून ठेवा आक्का," असं म्हणून नागेंद्रांनी मला जयाबाईंच्या घरातल्या कोनाड्यात ठेवलं.

पुढच्या मंगळवारी आभाळ फाटलं. गावात वार पाळणूक चालू होती. पाच मंगळवार देवीसाठी सगळी कामं बंद, शिवारात पाऊलसुद्धा टाकायचं नाही. जयाबाईंनी उभ्या जन्मात वार मोडला नव्हता. देवीपुढं हात जोडून, डोळे पुसत त्या मला घेऊन ओढ्यावर गेल्या. पोटात तांबडंकाळं पाणी शिरलं आणि मला, काचेला, शिसारी आली.

गुरुवारी नागेंद्रांनी मला उजेडात धरलं.

"आक्का, असला गढूळ नमुना घेत न्हाईत. रिपोर्ट बिघडतोय."

त्यांनी ते पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं, मला तीनदा विसळलं आणि निवळलेल्या ओढ्यात बुडवलं. माणूस वाईट नव्हता हो. स्वच्छ बाटलीत स्वच्छ पाणी, एवढंच त्याला शिकवलं होतं.

"सर, त्या पाण्यापायी म्या वार मोडलाय," जयाबाई एवढंच बोलल्या.

अहवाल उत्तम आला. प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, आणि नागेंद्रांनी मला जयाबाईंकडंच सोडलं. आता कोनाड्यात धूळ खात पडलेय. मित्रांनो, मला पुसा, जपा, असं माझं मागणं नाही. पण ओढ्याची परीक्षा घ्यायचीच असेल तर त्याच्या वाईट दिवशी घ्या, आणि गढूळ पाणी ओतून देऊ नका.

काल अंगणात नळ आला. आज सकाळपासून डोंगर दिसत नाही इतका पाऊस आहे. जयाबाई खानापूरच्या बाजारात अडकल्यात. नळाला तांबूस पाणी आलं, तसं दिवस भरत आलेल्या रचनानं ते घागरीत भरून निवळत ठेवलं. दुपारपर्यंत गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ दिसायला लागलं. पाण्यात विरघळलेलं काही तळाशी बसत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मला हाक मारता येत नाही.

तिनं तांब्या बुडवला आणि तोंडाला लावला.