सुभेदार ‘बस’ म्हणेपर्यंत

“चाचा, स्क्रममदी माझ्या पाठीवर हात कोण ठेवतं?”

आयेशानं हे विचारलं तेव्हा दानिश शिकलगार उसाच्या ट्रॉलीला वेल्डिंग मारत होता. त्यानं डोळ्यांवरची काच वर केली आणि हसला.

“मागच्या पोरीचा असंल. कोण ठेवतंय दुसरं?”

“मागच्यांचे हात मोकळे असत्यात व्हय? काय पण बोलताय चाचा!”

पोरगी बरोबर बोलत होती. स्क्रम म्हणजे काय ते आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जायचं. रग्बीत दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी वाकतात, एकमेकांना घट्ट धरतात, पुढच्या ओळीतली डोकी समोरच्यांच्या खांद्यांत अडकतात आणि मध्ये टाकलेल्या चेंडूसाठी रेटारेटी होते. मागचे रेटतात ते खांद्यानं. त्यांचे हात शेजाऱ्याला धरण्यात गुंतलेले. आयेशा पुढच्या ओळीत अगदी मधोमध. तिचे दोन्ही हात शेजारणींच्या खांद्यांवर, मान समोरच्यांच्या कुलपात. सगळं मातीत कोसळलं तर आधी जाणार ती तिची मान.

“कसा हात?” दानिशनं उगीच विचारायचं म्हणून विचारलं.

“मोठ्ठा. बाप्या माणसाचा. पाठीच्या मधोमध, असा पसरून ठेवलेला. लय बरं वाटतं. पण करंगळी न्हाई त्याला.”

दानिशनं वेल्डिंगचं मशीन बंद केलं.

आयेशा त्याच्या थोरल्या भावाची, बादशहाची लेक. बादशहा गेला तेव्हा ती पाळण्यात होती. बादशहाची करंगळी ह्याच वर्कशॉपमध्ये, ट्रॉलीच्या कडीत सापडून तुटली होती. घरातला फोटो छातीपर्यंतचा, त्यात हात दिसतच नाहीत. आणि आयेशाची आई, शमशादभाभी, तर नवऱ्याचं नाव निघालं की उठून चुलीपाशी जायची. मग पोरीला हे सांगितलं कुणी? दानिशनं मनातल्या मनात सगळी माणसं चाचपून पाहिली. एकही सापडेना.

“घरात बोलू नगस ह्यातलं काय,” एवढंच तो म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, कराडजवळच्या त्या गावात, उसाच्या मुलखात, रग्बी आली कुठून? ती आणली सुभेदार हंबीरराव थोरातांनी. मिलिटरीत शिकले आणि पेन्शनीत येताना पेटीतून तो लांबट चेंडू घेऊन आले. गाव आधी खो खो हसलं. मग हळूहळू कुस्ती सोडून पोरं नदीकाठच्या मोकळ्या रानात जमायला लागली, आणि पुढं पोरीही आल्या. सुभेदारांची रग्बी म्हणजे निव्वळ रेटा. चेंडू पोटाशी धरायचा, गठ्ठ्यानं पुढं सरकायचं, समोरच्याला मातीत दाबत न्यायचं. पळणं-बिळणं त्यांना बाटगं वाटायचं.

सरावाची त्यांची रीत जगावेगळी होती. मैदानाच्या कोपऱ्यात त्यांनी एक जुनी ट्रॉली दगडांनी भरून ठेवली होती. पोरांनी तिला खांदे लावायचे आणि रेटायचं. ट्रॉली हलो न हलो. तहान लागो, पाय घसरो. शिट्टीला किंमत नाही, कुणाच्या हाकेला नाही. सुभेदार “बस” म्हणतील तेव्हाच थांबायचं. त्यांच्या हाताखाली तयार झालेला गडी मॅचमध्येही त्या एका शब्दासाठी कान टवकारून असायचा.

आयेशा पाळण्यात होती त्या वर्षी, ऐन मे महिन्यात, बाकीची पोरं एकेक करून ट्रॉली सोडून सावलीला गेली. सुभेदार बांधावर कारखान्याच्या कुणाशी तरी बोलत उभे होते. बोलण्याच्या नादात बस म्हणायचं राहून गेलं. बादशहा रेटत राहिला. एकटा. कुणी हाक मारली तरी मान हलवायचा आणि रेटायचा. शेवटी ट्रॉलीला खांदा लावलेल्या अवस्थेतच तो गेला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. खांदा सोडवायला माणसं लागली.

ती ट्रॉली अजून तिथंच होती. गंजलेली, टायर बसलेले, पुढची लोखंडी दांडी मैदानाकडं रोखलेली. ती हलवू म्हटलं की सुभेदार अंगावर यायचे.

दानिशला रग्बी आवडायची, पण स्क्रम बघवत नसे. आयेशानं खेळायचा हट्ट धरला तेव्हा त्यानं स्वतः पंचाचा कोर्स केला, का, तर शिट्टी आपल्या हातात असावी. आणि गेल्या महिन्यात घडायचं ते घडलंच. घरच्या मैदानावर तासगावची शिवांजली स्क्रममध्ये अशी काही दाबली गेली की मानेला पट्टा बांधावा लागला. आपल्या पोरी रडकुंडीला येऊन सांगत होत्या, आमी एवढा जोर लावलाच न्हाई. तेव्हा कुणी विश्वास ठेवला नव्हता.

आता मात्र दानिशला झोप येईना. आज शिवांजली, उद्या आयेशा. ती हसून सांगत होती, लय बरं वाटतं. ह्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

पुढच्या सामन्याआधी दोन्ही संघांची बैठक कराडात भरली. तासगावच्या संघाची कोच पल्लवी, द्राक्षबागायतदाराची सून, आली तीच फणकाऱ्यानं. दानिशनं प्रस्ताव मांडला: सातारा-सांगलीच्या सामन्यांत स्क्रम उभा करायचा, पण रेटायचं नाही. चेंडू ज्या संघानं टाकला त्याचाच, तो मागं काढायचा आणि खेळायचं.

“रेटायचं न्हाई?” सुभेदारांनी काठी आपटली. “मग हातात हात धरून फुगडी घाला की! आधी टॅकल, गड्याला धरून पाडायचं त्ये, छातीच्या खाली आणलं, मान्य केलं. मग पोरांस्नी दीड मीटरच्या पुढं रेटायचं न्हाई म्हणाला, त्येबी गिळलं. आता रेटाच काढताय! भाकरीतनं पीठ काढून खाताय का रं?”

“सुभेदार, खेळ बदललाय,” पल्लवी म्हणाली. “लोकांना पळणं बघायचंय, पास बघायचेत. तुमच्या सामन्यात सोळा पोरी अर्धा तास मातीत गुंडाळलेल्या असत्यात. माझ्या पोरी कडेनं वाऱ्यासारख्या सुटत्यात, तर तुमी त्यांना चिखलात ओढताय.”

“पळणारा एकटा असतो, पोरी. रेटणाऱ्याच्या मागं माणूस असतं. मान खाली घातली, डोळे मिटले, तरी मागं आपलं माणूस हाय हे कळतं. ह्येच्यासाठी खेळायचं. मैदान तर काय, कुत्रंबी पळून ओलांडतं.”

खोलीत हशा पिकला. खरं सांगायचं तर म्हातारा बोलायचा झकास. पण दानिश हसला नाही.

“रेटा ऱ्हाणार असंल तर आयेशा खेळणार न्हाई,” तो म्हणाला. “आमच्या घरातलं एक माणूस ह्या रेट्यानं नेलंय. दुसरं मिळायचं न्हाई तुमाला.”

एकेक करून हात वर झाले आणि प्रस्ताव पास झाला. बाहेर पडताना सुभेदारांनी दानिशचा दंड धरला.

“रेटा बंद केलास तर त्येनं काय करायचं, रं?”

“कुणी?”

सुभेदार काठी टेकत चालायला लागले.

सामना रविवारी सकाळी. कारखान्याचा हंगाम ऐन भरात, हवेत मळीचा वास, नदीवरून वारा म्हणून नाही. कडेच्या उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं. सुभेदार खुर्ची टाकून ट्रॉलीपाशीच बसले होते. शिट्टी दानिशच्या गळ्यात होती.

खेळ छान चालला होता. तासगावच्या पोरी कडेनं सुटत होत्या, कराडच्या त्यांना कमरेला धरून पाडत होत्या. मग एक चेंडू पुढं निसटला आणि स्क्रमची वेळ आली. दोन्ही बाजूंच्या पोरी वाकल्या, एकमेकींत बांधल्या गेल्या, समोरच्यांना टेकल्या. समोर शिवांजलीच्या जागी नवी पोरगी, साक्षी.

“रेटायचं न्हाई,” दानिशनं बजावलं. “नुसतं उभं ऱ्हायचं.”

चेंडू मध्ये गेला. आणि स्क्रम सरकला.

अगदी हळू. भरलेली गाडी उतारावर आपोआप घरंगळते ना, तसा.

“अगं ए, रेटू नका म्हणलं ना!”

“आमी रेटत न्हाई, सर!” मागून मायाचा आवाज आला. माया कराडची शेवटची गडी, सगळ्यांच्या मागची.

दानिशनं पाय बघितले. कराडच्या पोरींचे बूट मातीत रुतलेले नव्हतेच. त्या मागं झुकून पाय घासत होत्या, गठ्ठा थांबवायला बघत होत्या आणि तरी पुढं ओढल्या जात होत्या. तासगावच्यांच्या टाचांनी जमिनीत चर पडत होते. त्यानं शिट्टी मारली. परत मारली. शिट्टीनं काय होतंय! गठ्ठा सुटायचं नाव नाही, उलट वेग धरला. “सोडा! हात सोडा!” पल्लवी कडेनं ओरडत धावली. “सुटंना, मॅडम!” साक्षी आतून रडायला लागली होती.

आणि मग दानिशला दिसलं, गठ्ठा कुठं चाललाय. सरळ कोपऱ्याकडं. ट्रॉलीकडं. त्या लोखंडी दांडीवर. आधी तासगावच्या मागच्या पोरींच्या पाठी, आणि सगळ्यांच्या मध्ये मान अडकलेली आयेशा.

त्यानं मायाच्या कमरेला मिठी मारून तिला मागं खेचलं. ती पटकन सुटली, दोघं मातीत पडले. पण गठ्ठा तसाच पुढं. मायाच्या मोकळ्या जागी, मातीत, दानिशच्या डोळ्यांदेखत एक पाऊल उमटलं. अनवाणी, पुरुषाचं, बोटांवर जोर दिलेलं. मग त्याच्या पुढं दुसरं.

ते पाऊल दानिशनं लहानपणी नदीच्या वाळूत शेकडो वेळा बघितलं होतं, त्याच्यात आपलं पाऊल ठेवत चालला होता. बादशहानं शिट्टी कधी मानलीच नव्हती. तो एकाच शब्दाला थांबायचा आणि तो शब्द त्याला कुणी दिलाच नव्हता.

“सुभेदार!” तो ओरडत सुटला. “सुभेदार, बस म्हणा! त्याला बस म्हणा!”

म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता. गालांवरून पाणी वाहत होतं. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. त्याला सगळं ठाऊक होतं, कितीतरी वर्षांपासून. म्हणून ट्रॉली हलवायची नाही. म्हणून रेटा सोडायचा नाही.

“म्हणलो की गेला त्यो, दानिश,” सुभेदार पुटपुटले. “परत न्हाई यायचा. माझ्याजवळ एवढाच उरलाय.”

“तुमी म्हणला न्हाई म्हणून तर गेला त्यो! आता त्याची पोर त्यात हाय! आवं, त्याचीच पोर मारताय त्याच्या हातनं!”

सुभेदारांनी स्क्रमकडं बघितलं. काठी टाकली. उठून उभे राहिले, टाचा जुळवल्या, छाती पुढं काढली. गठ्ठा आता दांडीपासून हाताच्या अंतरावर आला होता.

“बादशहा!” परेडच्या मैदानावरचा आवाज निघाला तो. “बस! शाबास माझ्या वाघा. बस कर आता.”

सगळं जागच्या जागी थांबलं. पोरी एकमेकींच्या अंगावर ढासळल्या, अलगद, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तासगावच्या शेवटच्या पोरीची पाठ दांडीला नुसती टेकली होती. मग उसाच्या रानातून वाऱ्याची एक झुळूक आली आणि पानं सळसळली. सुभेदार मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. पल्लवी रागानं फणफणत आली होती, ती त्यांच्याजवळ बसली.

दानिशनं आयेशाला उठवलं. तिची मान चाचपली. डावीकडं फिरव, उजवीकडं फिरव. सगळं ठीक होतं. त्यानं मोठा श्वास सोडला.

पोरगी मात्र त्याच्याकडं अशी बघत होती, जणू त्यानंच तिला मारलं.

“बस म्हणायला कुणी सांगितलं?”

“आयेशा, अगं दांडी हुती मागं. मान—”

“तुमी सांगितलं. मी ऐकलं.” तिनं मानेवरचा त्याचा हात झटकला. “नाव बी ऐकलं. आब्बा हुते ना त्ये?”



ती त्याच्यापासून बाजूला झाली. मैदानाच्या मधोमध, जिथून स्क्रम निघाला होता तिथं गेली आणि एकटीच वाकली. हात दोन्हीकडं पसरलेले, शेजारी नसलेल्या पोरींच्या खांद्यांवर ठेवल्यासारखे. मान खाली. डोळे मिटलेले. ती वाट बघत राहिली. कुणाला तिला हाक मारायचा धीर होईना.

शेवटी दानिशलाच राहवेना. तो पाय न वाजवता मागनं गेला आणि तिच्या पाठीच्या मधोमध आपला हात ठेवला, पसरून, जमेल तेवढा मोठा करून.

आयेशाचं सगळं अंग हुंदक्यानं हललं.

“चाचा,” ती मान न उचलता म्हणाली, “ह्याला पाच बोटं हायती.”

दानिशनं हात काढला नाही.