पूजाची अर्धी गोळी

माझ्या पोरीची गोळी वाढली ती आजार वाढला म्हणून नव्हे, मी खोटं बोललो म्हणून. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आत्ताही लाजेनं मान वर होत नाही.

साल २००३. पूजा तेरा वर्षांची. कानात माणसं बोलतात म्हणायची, भिंतीशी भांडायची. शहापूरला दर गुरुवारी कल्याणचे एक मनाच्या आजाराचे डॉक्टर बसत. पूर्वी त्यांच्या बाकावर मोठी माणसं दिसायची, आता शाळेच्या गणवेशातली पोरंही असत. त्यांनी पूजाला रोज एक गोळी दिली. सहा महिन्यांत आवाज थांबले, पोर शाळेत जाऊ लागली. मग ते म्हणाले, "आता अर्धी करू, पुढे बंदच करू. घरी कशी वागते ते मात्र तुम्हीच मला सांगायचं."

अर्ध्या गोळीवर पूजा आजाराच्या आधी होती तशी झाली. म्हणजे तोंडाळ. माझीच पोर ती!

खर्डीला पुतणीचा साखरपुडा होता. भावकीत चार शब्द बोलायचा मान माझा. मी उभा राहून मुलाकडच्यांना सांगत होतो, "आमची पोर नीट जपा." समोर बसलेली पूजा म्हणाली, "बाबा, तुमी आईला कुठं जपता? परवा पाट फेकून मारला ना?"

माझ्या बायकोनं, गिरजानं, पदर पुढे ओढला, पण कपाळावरचं टेंगूळ काही झाकलं गेलं नाही. मी हसलो. "गोळी कमी केलीय ना तिची, काय पण बोलते." लोकांनी माना डोलावल्या. माझी अब्रू वाचली.

एकदा बोललो ते निभावणं आलं. गुरुवारी डॉक्टरांना सांगितलं, आवाज परत येतात. गिरजा शेजारीच होती, खाली बघत राहिली. अर्धीची एक झाली. तरी पोरीचं तोंड बंद होईना, तेव्हा मी पुन्हा तेच सांगितलं आणि दोन झाल्या.

मग पूजाचं बोलणं आटलं. हात थरथरायचे, लाळ गळायची, भात ताटात तसाच राहायचा. लोक म्हणत, किती गरीब झाली हो पोर. मला ते बरं वाटायचं, मेल्या मनाला.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी तिचा हात धरून पाहिला आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. मधे नुसता पडदा होता.

"पूजा, आवाज येतात तुला?"

"बाबा काय बोलले?"

"ते म्हणतात, येतात."

"मग येत असतील."

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. पेन टेबलावर ठेवून विचारलं, "खरं सांगा, येतात?"

पूजा माझ्याकडे बघत होती.

"येतात, साहेब," मी म्हणालो.

आणि मी खोटा पडू नये म्हणून तिनं हळूच मान डोलावली.