प्रश्न एकतिसावा

ताईंची कीबोर्डवरची बोटं म्हणजे ऑफिसची शान, आणि तोंड म्हणजे ऑफिसची शिक्षा. समोरच्याने "अहो, तो प्रिंटर…" एवढं म्हणायचा अवकाश, ताई म्हणायच्या, "कागद अडकलाय, मागचं झाकण उघडा." बिचाऱ्याला सांगायचं असायचं की प्रिंटर दुरुस्तीला गेलाय. पण ऐकतंय कोण!

काम होतं संशोधनाचं. तेरा ते सोळा वयाच्या पोरांनी शाळेत भरलेले फॉर्म यायचे. झोप किती, जेवता काय, सिगारेट ओढून पाहिली का, मनाला कसं वाटतं, असे चौसष्ट प्रश्न. 'गेल्या तीस दिवसांत किती दिवस हताश वाटलं?' हे ऑफिसात कोणालाही विचारलं असतं तरी उत्तर तीसच आलं असतं. पोरांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरबाई स्वतः कॉफी आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर जगत होत्या.

प्रत्येक फॉर्म दोघांनी, एकमेकांचं न बघता, कॉम्प्युटरवर चढवायचा. मग कॉम्प्युटर दोन्ही नोंदी ताडून बघायचा आणि शुक्रवारी फरकांची यादी काढायचा. पहिली नोंद ताईंची, दुसरी काकांची. काका निवृत्तीला टेकलेले आणि दोन बोटांनी टाइप करणारे. ताई त्यांना पाठीमागे 'दोनबोट्या' म्हणत. अकरा वर्षांत यादीतल्या झाडून सगळ्या चुका दोनबोट्याच्या निघाल्या होत्या, आणि दर शुक्रवारी ताई ती यादी मोठ्याने वाचून दाखवत.

त्या सोमवारी चारशे सतरा नंबरचा फॉर्म हातात आला. फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. पण कोपऱ्यात हिरव्या शाईने कासव काढलेलं होतं. मिशीवालं. जगात मिशीवालं कासव एकच कार्टी काढते, आणि ती ताईंच्या पोटची. विजेचं बिलसुद्धा सोडत नाही.

"ही यात कशी घुसली?" ताई पुटपुटल्या. मग आठवलं. महिन्यापूर्वी मुलगी एक कागद घेऊन आली होती. "आई, शाळेत एक…" "सहल ना? आण इकडे," म्हणून ताईंनी न वाचता सही ठोकली होती. पुढे सहल निघाली नाही म्हणून शाळेच्या नावाने खडेही फोडले होते.

ओळखीचा फॉर्म दिसला की न वाचता बाजूला ठेवायचा, असा कडक नियम होता. नव्या लोकांना हा नियम घसा फोडून शिकवायच्या त्या ताईच. त्यांनी फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. आईच ती, दुसरं काय करणार?

प्रश्न एकतिसावा: 'मन उदास असलं की कोणाशी बोलतोस किंवा बोलतेस?' एक, आई. दोन, वडील. तीन, मित्रमैत्रीण. चार, शिक्षक. पाच, कोणाशीच नाही. हिरवी खूण पाचवर होती. खाली कारणाच्या ओळीवर लिहिलं होतं, 'आई चांगली आहे. पण मी अर्धं वाक्य बोलले की उरलेलं तीच बोलते. मग माझं तसंच राहून जातं.'

ताईंना आधी राग आला. चौदा वर्षं डोक्यावर बसवलेली ही पोरगी, आणि भर वर्गात बसून आईची अब्रू काढते! मग राग उतरला. एकतीसमध्ये पाच आला की त्या मुलाला समुपदेशक भेटायला जातात, हे ताईंना माहीत होतं; नंबरावरून नाव तेवढं समुपदेशकांनाच कळायचं. माझ्या मुलीला कशाला हवा समुपदेशक? मी काय मेलेय का? ताईंचं बोट पाचवर गेलं, थबकलं, आणि एक दाबून पुढे निघून गेलं.

त्या दिवसापासून ताई मुलीच्या मागे हात धुऊन लागल्या. "कोणी त्रास देतं का? अभ्यासाचं टेन्शन आहे? कोणी मुलगा-बिलगा? बोल ना मोकळेपणाने!" सगळं एका दमात. उत्तराला जागा ठेवलीच नव्हती.

मुलगी गुरुवारी म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?"

शुक्रवारी यादी निघाली. त्यात एकच ओळ होती. फॉर्म चारशे सतरा, प्रश्न एकतीस. ताईंचा एक, काकांचा पाच. डॉक्टरबाईंनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"चूक माझीच असणार, मॅडम," काका लगेच म्हणाले. "डोळे गेलेत माझे. एक करून टाका."

डॉक्टरबाईंनाही ते पटण्यासारखंच होतं. मूळ फॉर्म कपाटात होता, पण कपाटापर्यंत जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी माऊस हातात घेतला. ताईंना फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसून फायदा होणार होता, आणि नेमकं तेव्हाच त्यांना बसवेना. पोरीने कोणाशीच बोलत नाही म्हणून कागदावर सांगितलं होतं, आणि आईने तेही वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकलं होतं.

"थांबा," ताई म्हणाल्या. "पाचच आहे. काकांचं बरोबर आहे. मी मुद्दाम एक दाबला."

"मुद्दाम?"

"फॉर्म ओळखीचा होता. माझ्या…"

डॉक्टरबाईंनी हात वर केला. "कोणाचा ते सांगू नका. मला ते कळता कामा नये." त्यांनी पाच कायम केला आणि एक गोळी चघळली. "ताई, तुमच्या सगळ्या नोंदी आता परत तपासाव्या लागतील. तोवर तुम्ही फॉर्मला हात लावायचा नाही. पुढचं वर विचारून सांगते."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "ताई, मला खरं तर…"

'माझी कीव आली ना?' हे ताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. एवढी मोकळी जागा मिळाल्यावर काकाच गडबडले.

"…आधीच कळलं होतं. ते कासव तुमच्या डब्याच्या झाकणावर पण आहे," त्यांनी कसंबसं संपवलं. "मीही फॉर्म बाजूला ठेवायला हवा होता. पण टाइप करताना पाच बदलवेना. आत चूक माझी म्हणालो ते फक्त तुम्हाला वाचवायला."

दोनबोट्या हे नाव ताईंनी त्या क्षणी मागे घेतलं.

संध्याकाळी त्या दूध तापवत होत्या. मुलगी ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, शाळेत ना…"

मार्क कमी पडले? भांडण झालं? फी राहिली? ताईंनी जीभ अक्षरशः दातांत धरली. मुलगी सवयीने थांबली. पुढचं आई बोलेल म्हणून वाट बघत राहिली. काहीच आलं नाही.

"तू बोलत का नाहीयेस?"

"तू बोलतेयस ना, म्हणून."

मुलीने संशयाने आईकडे बघितलं. मग नजर खाली घालून म्हणाली, "मधल्या सुट्टीत मी बाथरूममध्ये जाऊन डबा खाते. सहामाहीपासून. माझ्याबरोबर कोणी बसत नाही."

ताईंकडे उपाय तयार होते, एक सोडून चार. वर्गशिक्षिका, त्या पोरींच्या आया, मुख्याध्यापक, नाहीतर शाळाच बदलू. दूध वर आलं आणि भांड्याबाहेर पडून ओट्यावर पसरलं. ताईंनी हात लांब करून गॅस तेवढा बंद केला.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"बरंच आहे," मुलगी म्हणाली.

ताई खाली फरशीवर बसल्या. मुलगीही बसली. वर ओट्यावरून दूध टपटपत होतं, आणि पुसायला कोणी उठलं नाही.