मोठीची झोप

मोठीला मोठी म्हणायला लागले तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. पाठची बहीण झाली, ती धाकटी, म्हणून ही मोठी, इतका साधा मामला. पुढे मोठी अंगानंही मोठी होत गेली आणि त्या नावाला भलताच अर्थ चिकटला. कुणी हाक मारली की ती आधी पोट आत घ्यायची आणि मग ओ द्यायची. घरच्यांच्या हे कधी ध्यानातही आलं नाही. ते आपले प्रेमानं मोठी मोठी करत राहिले.

मोठी गाद्यांच्या दुकानात कामाला होती. भिंतीला टेकवलेल्या, प्लास्टिकात गुंडाळलेल्या गाद्या आणि मधोमध मांडलेले पलंग, त्यांवर नमुन्याला एकेक गादी: कापसाची, काथ्याची, फोमची, स्प्रिंगची. गिऱ्हाईक आलं की बोटानं गादी दाबून बघायचं. जगातलं प्रत्येक गिऱ्हाईक हेच करतं. मोठी म्हणायची, "अहो, बोटाला काय कळतंय? बोटावर झोपणार आहात का?" आणि चपला काढून स्वतःच धाडकन आडवी व्हायची. "हे बघा. हिनं मला झेललं, म्हणजे तुम्हा दोघांना झेलेल, वर पाहुणे आले तर तेही झेलेल!" लोक खो खो हसायचे, हसता हसता आडवे व्हायचे, आणि उठायचे ते गादी बांधून द्या म्हणतच. दुकानाच्या मालकीणबाई म्हणायच्या, "आमच्याकडे दोनच गोष्टी खपतात. गाद्या, आणि हिच्या गप्पा."

ही मोठी हळूहळू गप्प होत गेली. निमित्त झालं धाकटीकडच्या जेवणाचं.

मोठीचा नवरा शाळेची बस चालवायचा. त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या त्यानं एवढी मोठी जांभई दिली, की धाकटीनं विचारलं, "काय भावोजी, झोप झाली नाही वाटतं?"

"कशी होणार? दिवसभर बसचं इंजिन, रात्रभर तुमच्या बहिणीचं!"

सगळे हसले. मोठी सगळ्यांत जोरात हसली. पण हातातला घास तिनं परत ताटात ठेवला. आपण घोरतो, तेही नवऱ्याची झोप मोडेल इतकं! बाईमाणसानं घोरावं म्हणजे काय, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्यापाठोपाठ दुसरा विचार आला, तो अधिक वाईट होता. या माणसाच्या बसमध्ये लेकरं बसतात. आपल्या घोरण्यापायी उद्या ह्याला स्टिअरिंगवर डुलकी लागली तर?

त्याच जेवणानंतर धाकटीनं तिला बाजूला घेतलं. "मोठे, रात्रीचं जेवणच बंद कर बघ तू. काकडी आणि पातळ सूप, बस्स. वजन कसं झर्रकन उतरतं बघ!" हे सांगताना धाकटीच्या हातात आइस्क्रीमची वाटी होती, पण तो विषय सोडून देऊ. पोरीच्या मनात पाप नव्हतं.

मोठीनं दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. नवऱ्याचा डोळा लागला की ती हळूच उठून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जाऊन बसायची. काकडी कधीच जिरून गेलेली असायची आणि पोटात कावळे ओरडत असायचे. मग हात आपोआप बिस्किटांच्या डब्याकडे जायचा. सकाळी डब्याचा तळ दिसला की स्वतःचीच किळस यायची, म्हणून न्याहारीही बंद. वजनाचा काटा उतरायचा सोडून वर सरकला.

आणि तिचं मन विझत गेलं. रडू येत होतं असंही नाही, रडायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं. आवडीच्या गोष्टी समोर असायच्या आणि हात पुढे होत नसे. गिऱ्हाईक गादी बोटानं दाबायचं, आणि मोठी नुसती किंमत सांगायची. आपण आळशी आहोत, खादाड आहोत, कुणाच्या उपयोगाच्या नाही, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. एकच भीती होती: आपलं हसू आता परत यायचंच नाही.

मालकीणबाई बघत होत्या. एकदा म्हणाल्याही, "काय गं, बरं नाही का?" मोठी म्हणाली, "छे, मला काय धाड भरलीय!" आणि गाद्यांवरची धूळ झटकायला लागली.

मग एका दुपारी एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांनी गादी बोटानं दाबली. आजी म्हणाल्या, "बाई, कंबर धरते हो माझी. ही कशी आहे, खरं सांगा." आजींचा चेहरा इतका गरीब होता की मोठीला राहवलं नाही. किती दिवसांनी तिनं चपला काढल्या. "पडून दाखवते," म्हणाली, आडवी झाली, पाठ टेकली, आणि पुढचं वाक्य बोलायच्या आधीच झोपली.

झोपली म्हणजे अशी झोपली की काही विचारू नका. तोंड उघडं, हात पलंगाबाहेर, आणि घोरणं असं की काचेचं दार थरथरावं. आजोबा घाबरले. आजी मात्र पलंगाशी वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला हीच द्या."

मोठी जागी झाली तेव्हा अंगावर चादर होती, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि शेजारी स्टुलावर मालकीणबाई बसल्या होत्या. काय झालं ते एका क्षणात तिच्या लक्षात आलं.

"मी घोरले?"

"गादी विकली गेली," मालकीणबाई म्हणाल्या.

"बाई, घोरले का मी?"

"घोरलीस की. बरं मग?"

तेव्हा मोठीला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं साचलेलं, धो धो. हुंदक्यांत तिनं सगळं सांगून टाकलं, काकडी, खुर्ची, डबा, सगळं. "बाई, मला काही म्हणजे काही बरं वाटत नाही हो. मी अशी नव्हते." मालकीणबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं तिच्या नवऱ्याला फोन लावला. तो मुलांना सोडून रिकामी बस घेऊन थेट दुकानाशी आला, आणि तिथून तशाच बसनं दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या आणि नीट ऐकायच्या. मोठी सांगत गेली. त्या म्हणाल्या, "हा आळस नाही, याला डिप्रेशन म्हणतात. उपाशी पोटी झोप येत नाही. झोप नसली की भूक चेकाळते, तीही गोडाची. दोन्हींची आबाळ झाली की मन बसतं, आणि मन बसलं की झोप आणखी उडते. तुम्ही स्वतःला शिव्या घालत बसलात, आणि खरं तर तुम्ही दमलायत." मग त्यांनी विचारलं, "झोपेत घोरता का?"

मोठी खाली मान घालून म्हणाली, "नाही."

आता नवरा बाजूलाच बसलेला! त्यानं घसा खाकरला. "घोरते," तो म्हणाला. "म्हणजे घोरायची. हल्ली आवाज नाही, बघावं तर अंथरुणात हीच नसते, म्हणून तर माझा जीव टांगणीला लागलाय."

"मध्येच थांबायची का? श्वास अडकल्यासारखा?"

"थांबायची की. इतकी वर्षं ऐकतोय. चालू असलं की मी निवांत झोपतो. थांबलं की माझे डोळे टक्क उघडतात. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर ड्रायव्हर जागा व्हायचाच ना? मग मी हिचा खांदा जरा हलवतो, ही कूस वळते, परत चालू होतं, की मग मी झोपतो."

मोठीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. आपल्यामुळे हा जागतो, हे खरं होतं. पण कशासाठी जागतो, ते तिला आज कळत होतं.

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का बोललात तसं?" ती म्हणाली.

"चुकलो," तो म्हणाला. "जांभईचं काहीतरी सांगायचं होतं. घाबरतो म्हणून कसं सांगणार होतो चारचौघांत?"

डॉक्टरीणबाईंनी झोपेची तपासणी लिहून दिली. "रात्रीचं जेवण आजपासून सुरू. वेळेवर, गरम आणि पोटभर. वजनाचं आपण सावकाश बघू." मनाच्या डॉक्टरकडेही पाठवलं. तपासणीत निघालं ते नवरा इतकी वर्षं कानानं ऐकत होता तेच: झोपेत श्वास अडत होता. रात्री नाकाला लावायचं एक छोटं यंत्र आलं. औषधं आली, बोलायला एक शहाणी बाई मिळाली. ताटात भात, भाजी, अंडी परत आली. वजन उतरलं, पण अगदी थोडं, शेजाऱ्यांना कळण्याइतकंही नाही. मोठी मात्र सकाळी उठून गॅलरीत उभी राहून चहा प्यायला लागली, आणि चहाला चव लागायला लागली.

पण हे सगळं पुढचं. यंत्र लावल्याच्या पहिल्या रात्रीनंतर ती उठली ती ताजीतवानी. चहाला बसली तर समोर नवरा, डोळे लालभडक.

"अहो, झोपला नाहीत?"

"झोपतोय कसला! घोरणं बंद, घर सामसूम. चारदा उठून तुझा श्वास चालू आहे ना ते बघितलं."

मोठीनं कप खाली ठेवला. आधी खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग ती अशी हसली की टेबलावरचे चमचे वाजले. तिचं तेच हसू, हरवलेलं. नवरा तिच्याकडे बघत बघत हसू लागला आणि डोळे पुसू लागला.

तेवढ्यात दारातून धाकटीची हाक आली, "मोठे, आहेस का गं?"

"ओ!" मोठी ओरडली. "ये आत, गरम नाश्ता आहे. आणि तुझी काकडी घरीच ठेवून ये!"

उठून दाराकडे जाता जाता तिच्या लक्षात आलं की ओ देताना आपण पोट आत घ्यायचं विसरलो.