तारखेचे चाक

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, मित्रांनो, आणि आयुष्यात स्वतःहून एकदाही खोटे बोललेलो नाही. शिसवी मूठ, लोखंडी सांगाडा आणि पोटात रबराचे आकडे. बाजूचे दातेरी चाक अंगठ्याने फिरवले, की 'कट' असा आवाज होतो आणि तारीख एका दिवसाने पुढे सरकते.

सरकारी संशोधन अनुदानाच्या कार्यालयात, अर्ज घेण्याच्या खिडकीशी माझी नेमणूक झाली. शास्त्रज्ञ मंडळी अर्ज आणत आणि मी पहिल्या पानावर उमटत असे. मुदतीतला अर्ज कपाटात जाई, तज्ज्ञ तो वाचत. उशिराचा अर्ज न वाचताच परत. मोठमोठे विद्वान माझ्याकडे श्वास रोखून बघत. मला तो मान फार आवडायचा.

खिडकीत हेडक्लार्क बसत. त्यांच्याकडे कपाट एकच होते. शेवटच्या दिवशी ते भरले, की घड्याळात काहीही वाजलेले असो, ते माझे चाक फिरवून मोकळे होत. लोक पाठीमागे त्यांना उद्यासाहेब म्हणत.

एका वर्षी मुदतीच्या दिवशी, चौदा तारखेला, एक तरुण संशोधिका रांगेत उभी होती. तिचे वडील मागच्या बाकावर खोकत बसले होते. त्यांचा जन्म खडीच्या यंत्रावर गेला होता. दगडाची धूळ फुप्फुसात साठू लागली, की रक्ताच्या थेंबावरून लगेच ओळखता यावी, अशी चाचणी ती शोधत होती. सहा वर्षे जमवलेले नमुने फ्रीजरमध्ये होते. अनुदान मिळाले नाही तर प्रयोगशाळेला कुलूप लागणार होते. तिची पाळी आली आणि नेमके कपाट भरले.

"अहो, ही पंधरा तारीख पडली," ती म्हणाली. "मी आत्ता चाकाचा आवाज ऐकला. आज चौदा आहे. चारच वाजलेत, घड्याळ बघा ना!"

"घड्याळ अर्जाला जोडता येत नाही, बाई. शिक्का काय म्हणतो?"

"पंधरा."

"मग पंधरा. पुढच्या वर्षी या."

"बाबांच्या हातात पुढचं वर्ष नाहीये हो."

"त्याचा अर्ज इथे घेत नाहीत," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

"चल पोरी," बाकावरून वडील म्हणाले. "नको त्यांच्या तोंडी लागूस. माणूस कामात आहे."

वडील गेले. प्रयोगशाळा बंद पडली आणि नमुने जाळून टाकले गेले. पोटासाठी तिने आमच्याच कार्यालयात नोकरीचा अर्ज केला. तो मात्र वेळेत पोचला.

बऱ्याच वर्षांनी साहेब निवृत्त झाले आणि खिडकी तिच्याकडे आली. तोवर माझी पार रया गेली होती. चाक गंजले होते, आकड्यांत शाई वाळून बसली होती. साहेबांनी कधी माझ्यावरून साधे फडके फिरवले नव्हते. बाईंनी पहिल्याच दिवशी मला मांडीवर घेतले, जुन्या ब्रशने एकेक आकडा घासला आणि चाकात तेलाचे दोन थेंब सोडले. मला भरून आले. वाटले, हिला सगळे आठवते आहे, आता माझे चाक कधीच भलत्या दिवशी फिरणार नाही.

मुदतीचा दिवस आला. दुपारीच कपाट भरले. फाईल छातीशी धरून एक विस्कटलेल्या केसांचा संशोधक खिडकीशी आला. बाईंनी त्याच्याकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले आणि माझ्या चाकावर अंगठा ठेवला. चाक अलगद फिरले. 'कट' झालेच नाही.

त्याने पान पाहिले. "आज... पंधरा का हो?"

"शिक्का काय म्हणतो?"

"पंधरा. माझंच चुकलं असेल. कामात दिवसाचं भान राहत नाही. तुम्हाला उगाच त्रास दिला."

तो माफी मागून निघून गेला.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करत जा. आम्ही उपकार विसरत नाही. फक्त तेल घालणाऱ्याला आधी विचारा, की हे कशासाठी. मी विचारले नाही. मला तेव्हा फार बरे वाटत होते.