कवेलूंवरच्या बाटल्या

गोकुळा नागपूरच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली आणि मूल गावाजवळच्या खेड्यात दिलेली. तिच्या दहा महिन्यांच्या लच्छूला महिन्यात दोनदा हगवण लागली, तेव्हापासून तिला विहिरीच्या पाण्यात जंतूंची जत्राच दिसायला लागली. उकळलेल्या पाण्याला चुलीचा धूर लागे. लच्छू ते फुर्रकन उडवून देई. मग तिला पुस्तकातलं आठवलं. उन्हात जांभळ्याच्याही पलीकडचे किरण असतात, ते जंतू मारतात. तिने पाणी गाळून सहा बिनरंगी काचेच्या बाटल्यांत भरलं आणि गोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर त्या आडव्या मांडल्या.

"पाण्याले ऊन दाखवून राह्यली काऊन? पापड होय का थे?" सासू शकुबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, उन्हातले किरण दिसत नाहीत, पण जंतूंना मारतात."

"दिसत नाई अन् काम करते! तुझा सासरा त् नुसता दिसते." शकुबाई पाघळल्या. "दे मंग उद्यापासून लेकराले."

पण मोहाची पहिल्या धारेची दारूही अशीच नितळ असते, हे काही गोकुळाच्या पुस्तकात नव्हतं. दिवस कलताना तळ्यावरून मासे घेऊन परतणाऱ्या शेजारच्या मनसारामला बाटल्या दिसल्या. दोन त्याने तिथेच रिचवल्या आणि अंगणात येऊन नाचायला लागला.

"शकुबाई, लय कडक माल हाये! घशातून आग गेली, आग!"

"मुडद्या, पानी होय थे!"

"पानी? मंग तुमची म्हैस माह्याकडे पाहून हासते काऊन?"

शकुबाईंचा चेहरा उतरला. "सूनबाई, लेकराले एक थेंब नाई द्यायचा. चढन त्याले!"

म्हणजे उद्यापासून परत विहिरीचं कच्चं पाणी! गोकुळाने एक बाटली काढली, सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली, पदर खोचला आणि विहिरीपर्यंत नाकासमोर चालत जाऊन परत आली, वर एकोणतिसाचा पाढा म्हणत. शेजारपाजार कुंपणाला लोंबकळून बघत होता.

"शिकलेल्या बाईले हळू चढते," मनसारामने बसल्या जागेवरून निकाल दिला.

तशी शकुबाईंनी चौथी बाटली ओढली, रिकामी केली आणि ओट्यावर डोळे मिटून बसल्या. गोकुळा श्वास धरून उभी. बऱ्याच वेळाने म्हातारीने एक डोळा उघडला, म्हशीकडे पाहिलं, मग दुसरा उघडला.

"काईच नाई होऊन राह्यलं," ती जरा हिरमुसूनच म्हणाली आणि पाचव्या बाटलीतून वाटी भरून नातवाच्या तोंडाला लावली.