विचारणारी खिडकी

बशीत पालथं पडलेलं ते काळं बटण — इतर बटणांपेक्षा लांबट, एका कडेला वाळलेल्या लाळेचा पांढुरका थर, आणि आतल्या बाजूला दोन नाजूक आकडे, त्यातला एक मोडलेला... तिने ते उचललं आणि पुन्हा बशीत ठेवलं. कीबोर्डावर त्याच्या जागी आता खड्डा होता आणि खड्ड्यात रबराचा एक इवलासा उंचवटा. बोटाच्या टोकाने तो दाबला की एंटरचं काम होतं, पण दाबावं लागतं, मुद्दाम, खोल. काल रांगत्या पिल्लाने ते कधी उपटलं, कसं उपटलं, देव जाणे. त्याच्या तोंडात बोट घालून नवऱ्याच्या आईंनी ते बाहेर काढलं, धुतलं, बशीत घालून टेबलावर आणून ठेवलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. तेच तर. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

पडद्यावर गरुड होता. खरं नाव काय असेल ते असो. युजरांच्या फोरमवर तो गरुड होता आणि सकाळी बाजार उघडायच्या आतच त्याने लिहून ठेवलं होतं — ‘ताईसाहेब, बाकी सगळं झकास. आता सासूबाईंना तेवढा नारळ द्या.’ खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. कुणीतरी लिहिलं होतं, ‘वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे.’ आणखी कुणी, ‘ताईंनी स्वतः कधी एक सौदा तरी केलाय का?’

सासूबाई म्हणजे तिची खिडकी. शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदीचं किंवा विक्रीचं बटण दाबलं की ऑर्डर बाजारात जायच्या आधी ती खिडकी उघडायची, काय घेताय, किती घेताय, कोणत्या भावाने, ते ठळक अक्षरांत सांगायची आणि खाली एकच शब्द विचारायची — नक्की? तो शब्द तिने निवडला होता. ‘आपणांस खात्री आहे का’ असं साहेबांना हवं होतं, पण असं कोण बोलतं... तेव्हा पिल्लू पोटात होतं, आणि खुर्ची टेबलापासून लांब ओढून, हात लांबवून, ती ती खिडकी रेखत बसायची, आणि आतून एखादी लाथ बसली की पोटावर हात ठेवून हसत म्हणायची, नक्की? तिला ते हसू अजून आठवतं. माझं एकटीचं हसू होतं ते.

गरुडाने पहिल्यांदा मागितलं ते फार नव्हतं. खिडकी मधोमध येते, खालचे भाव झाकले जातात, जराशी कोपऱ्यात सरकवा. बरोबर होतं त्याचं. सरकवली. मग कोपऱ्यात एवढी मोठी कशाला, जराशी लहान करा. केली. मग ‘होय’ कोपऱ्यात, हात इकडे, तेवढ्यात भाव पळतो. एंटर दाबलं की होय धरा. धरलं. मग दर वेळी एंटर तरी कशाला, क्षणभर दिसू दे आणि आपोआप मिटू दे, मिटली की होय. प्रत्येक वेळी मतं घेतली, प्रत्येक वेळी त्याच्या बाजूने ढीगभर मतं पडली, आणि — हेच तिला सहन होत नव्हतं — प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं खरंच होतं. जरासंच तर होतं. भांडायला जागाच ठेवायचा नाही मेला. मी कुठे काय मोठं मागतोय, असं म्हणत म्हणत एखाद्या माणसाने घरातली एकेक वीट काढून न्यावी, आणि आपण दार उघडं धरून उभं राहावं...

आज त्याने खिडकीच मागितली होती. साहेबांनी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं म्हणून सांगितलं होतं. रजेवरून परत आल्या दिवशी ते म्हणाले होते, “आलीस, बरं झालं. आता जरा पटापट हं.” त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. सगळे तिच्याशी असेच बोलत होते, रागावण्यासारखं काही न ठेवता. खिडकी राहू द्या म्हटलं तर तिच्या खुर्चीत पटापट हो म्हणणारं दुसरं कुणी येईल, एवढंच.

गरुडाने सोबत व्हिडिओ पाठवला होता, पुरावा म्हणून. तिने हेडफोन घातले. कॅमेरा वरून, दिसत होता फक्त कीबोर्ड आणि एक हात. नखं मुळापर्यंत कातरलेली. हा हात आपल्याला इतका ओळखीचा का वाटावा, इतके दिवस ज्याच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडलो त्याचा हा असा साधा, केसाळ, कुणाच्याही बापाचा हात... “बघा आता,” त्याचा आवाज आला, “ऑर्डर टाकली. आली बया. मिटायची वाट कोण बघणार, हिला हो म्हणायचं. पुन्हा टाकली. पुन्हा हो.” बोट खालीवर होत होतं. मागून, बहुधा दुसऱ्या खोलीतून, एका बाईचा आवाज — “अहो, ऐकताय ना?”

“हो.”

“मग सांगू त्यांना तसं?”

“हो हो.”

“नंतर म्हणू नका मला विचारलं नाही.”

“हो.” आणि बोट खाली, बोट वर.

तिने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा ऐकला. कोणता हो खिडकीला आणि कोणता त्या बाईला, ते कळत नव्हतं. त्यालाही कळलं नसणार. ती हसली — उपटसुंभ, काय कबूल करून बसलास ते कळेल आता — आणि हसता हसता तिचं हसू तोंडावरच राहिलं.

सकाळी. मीटिंग चालू असताना. नवऱ्याच्या आई दारात आल्या होत्या. हेडफोन कानावर, साहेबांचा आवाज डोक्यात, आणि दारात आईंचे ओठ हललेले. तिने मान वळवून, हात जरासा वर करून, म्हटलं होतं... हो. आई क्षणभर थांबल्या आणि गेल्या होत्या.

काय विचारलं होतं?

ओठ आठवायचा प्रयत्न केला तर नुसतेच ओठ आठवत होते. आणि आई तर दारात येतच नाहीत आताशा. सुरुवातीला यायच्या, सारख्या — दूध गरम करू का, याला टोपी घालू का, खोकतोय का गं हा, नक्की? — आणि तिने नवऱ्याला सांगितलं होतं, आईंना म्हणावं, जरा दार वाजवून. तेवढंच. मग, मीटिंग असेल तेव्हा नको. मग, मेसेज टाका, मी बघीन. मग मेसेजसुद्धा जरा कमी. प्रत्येक वेळी तो जाऊन म्हणायचा, “आई, जरा...” आणि त्या म्हणायच्या, “बरं.” माझं म्हणणं बरोबर होतं. कुणालाही विचारा. मतं घ्या.

घर फार शांत होतं. पिल्लाची या वेळची ती बडबड, जीभ टाळूला लावून काढलेले ते ओले आवाज... काहीच नाही. ती उठली.

पलीकडच्या खोलीत पिल्लू आईंच्या मांडीवर झोपलं होतं, एक मूठ त्यांच्या पदरात, दुसरा हात सैल लोंबकळत, मनगटाच्या वळीत घाम. तिला वाकून त्या वळीला ओठ लावावेसे वाटले. पलंगावर बॅग होती. उघडी. आत घड्या.

“आवाज झाला का काही?” आई म्हणाल्या.

“नाही. बॅग...?”

“उद्या निघते म्हटलं. सकाळी विचारलं ना तुला. लेकीकडे जाऊन राहते आता, चालेल का. हो म्हणालीस.”

“मी मीटिंगमध्ये होते, आई.”

“म्हणून तर एका वाक्यात विचारलं. लांबण लावलेलं तुला आवडत नाही.” त्यांनी पिल्लाच्या कपाळावरचे केस बोटाने मागे सारले. वर पाहिलं नाही. “दुपारचा हा दोनदा उठतो. पहिल्यांदा उठला की उचलायचं नाही, नुसता हात ठेवायचा. आणि त्या मशीनची बटणं सांभाळ.”

पहिल्यांदा आला तो आनंदच होता, आणि तो लपवायचं तिला काही कारण नव्हतं: दार उघडं टाकता येईल, नळ कसाही सोडता येईल, कुणाच्या न बोलण्याचा आवाज ऐकावा लागणार नाही. मग राग. मी ऐकत नाही हे दिसत असताना विचारलं. मुद्दाम त्याच वेळी. हो मिळेल अशाच वेळी. तिला म्हणायचं होतं, हे असलं विचारणं नव्हे — आणि आईंच्या मांडीवरच्या त्या मुठीकडे तिचं लक्ष गेलं. पदर असा घट्ट धरलेला, की सोडवायचा तर एकेक बोट उघडावं लागलं असतं.

“बरं,” ती म्हणाली. स्वतःच्या तोंडून तो शब्द तिला अनोळखी वाटला. तो त्यांचा होता.

ती टेबलाशी परत आली. साहेबांचा मेसेज येऊन पडला होता. ‘काढतोय ना खिडकी? तो मागे लागलाय. हो म्हण फक्त, पुढचं मी बघतो.’ तिने उत्तर लिहिलं नाही. चाचणीसाठी एक खोटी ऑर्डर टाकली. कोपऱ्यात काहीतरी चमकलं आणि मिटलं, होय. पुन्हा टाकली. या वेळी डोळे कोपऱ्यावरच रोवून ठेवले होते, तरी शब्द वाचता आला नाही. एवढीशी झालीस गं. कुणी केली तुला एवढीशी... माझ्याच हातांनी, आणि दर वेळी किती नीट, किती समजुतीने.

हेडफोन टेबलावर होते. तिने ते उचलले, आणि तसेच खाली ठेवले. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. बोट त्या रबराच्या उंचवट्यावर टेकलं होतं; नुसतं टेकून काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं.

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, आणि मध्येच थांबला. पिल्लू चाळवलं असेल. की चेन अडकली असेल. की... तिने श्वास धरून ठेवला आणि ऐकत राहिली — इतकं लक्ष देऊन तिने या घरात बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं — ती चेन आता पुढे सरकेल की मागे, आणि कोणती बाजू आपल्याला हवी आहे, हे तिला स्वतःलाच विचारता येईना, कारण विचारलं तर थांबावं लागलं असतं, उत्तर येईपर्यंत.